४,२९,४९,६७,२९७ : मूळ संख्येचं सोंग घेणारी संख्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. ४,२९,४९,६७,२९७ ही संख्या मूळ आहे का? विचारणाऱ्याने दोन प्रोग्राम लिहिले. एकाने ‘बहुधा मूळ’ असा निर्वाळा दिला. दुसऱ्याला नुसती संख्या छापायला सांगितली, तर त्याने १ छापला. पुस्तकात मात्र ती संयुक्त म्हणून दिली आहे. मग खरं कुणाचं, आणि या संख्येबद्दल आणखी काय सांगता येईल?

खरं पुस्तकाचं. ४,२९,४९,६७,२९७ = ६४१ × ६७,००,४१७, आणि हे दोन्ही अवयव मूळ आहेत. एवढ्यावर उत्तर संपवता आलं असतं, पण तुमचे दोन्ही प्रोग्राम एकाच कारणाने फसले आहेत आणि ते कारण म्हणजे या संख्येची जन्मकुंडली आहे. तिथून सुरुवात करतो.

कुठलीही मोठी संख्या हातात आली की मी आधी तिच्यातून एक वजा करून आणि मग तिच्यात एक मिळवून बघतो. जुनी सवय. इथे एक वजा केला की ४,२९,४९,६७,२९६ उरतात, आणि कॉम्प्युटरशी थोडाफार संबंध आलेला माणूस ही संख्या चटकन ओळखतो: २ चा ३२वा घात. म्हणजे आपली संख्या २^३२ + १. द्विमान पद्धतीत लिहिली तर दोन्ही टोकांना एकेक १ आणि मध्ये ओळीने ३१ शून्यं, एकूण ३३ अंक.

दुसऱ्या प्रोग्रामचं कोडं इथेच सुटलं. ३२ बिटांच्या चिन्हविरहित पूर्णांकात मावणारी सगळ्यात मोठी संख्या ४,२९,४९,६७,२९५. आपली तिच्याहून दोनने मोठी. ३३ अंक ३२ घरांत बसवायला गेलं की सगळ्यात डावीकडचा १ बाहेर सांडतो आणि आत उरतो फक्त उजवीकडचा १. तोच तुमच्या पडद्यावर आला.

६४ बिटांचा प्रकार वापरला की हे थांबेल, पण गुणाकार करताना तिथेही सांभाळा. २^३२ चा वर्ग २^६४ होतो, आणि तो ६४ बिटांत मावत नाही, नेमका शून्य होऊन बसतो. या संख्येवर घातांची चाचणी लिहिताना मी स्वतः यात अडकलो होतो. बाकी १ यायला हवी तिथे ० येत होती आणि मी दोष भलत्याच ओळीत शोधत होतो. पायथनसारख्या भाषेत पूर्णांकांना अशी मर्यादा नसते, तिथे हा प्रश्नच उद्भवत नाही.

आता पहिला प्रोग्राम. त्याची चूक जास्त रंजक आहे. सतराव्या शतकातला फ्रेंच गणितज्ञ फर्मा, त्याचं छोटं प्रमेय असं: ‘प’ मूळ असेल आणि ‘अ’ला ‘प’ने भाग जात नसेल, तर ‘अ’च्या (प − १)व्या घाताला ‘प’ने भागल्यावर बाकी १ उरते. चाचणीत याचा उलटा वापर होतो. संख्या घ्यायची, अ = २ घेऊन (या ‘अ’ला चाचणीचा पाया म्हणतात) घात काढायचा, बाकी १ आली नाही तर संख्या नक्की संयुक्त. १ आली तर ‘बहुधा मूळ’. या ‘बहुधा’कडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही.

आपल्या संख्येला ‘स’ म्हणू. स = २^३२ + १, म्हणून २^३२ ला ‘स’ने भागलं तर बाकी −१ (एका पूर्ण भागाला एक कमी, या अर्थाने). वर्ग केला की २^६४ ची बाकी १. चाचणीत हवा असलेला घातांक आहे स − १, म्हणजे २^३२, आणि तो ६४ च्या पटीत आहेच. तेव्हा बाकी १ येणारच. ‘स’ मूळ आहे की नाही याचा इथे काही संबंधच आला नाही! २ पाया घेऊन या संख्येची परीक्षा घेणं म्हणजे पेपर आधीच फुटलेला असताना परीक्षा घेणं. मिलर-राबिन ही जास्त कडक चाचणी लावली तरी २ पायाला हीच गत होते, कारण २, ४, १६, २५६, ६५५३६ असे वर्ग करत गेलं की पुढचाच टप्पा −१ चा असतो आणि चाचणीचं तेवढ्यावर समाधान होतं.

पाया ३ घ्या, सोंग लगेच उतरतं. ३ चा वर्ग, त्याचा वर्ग, दर वेळी ‘स’ने भागून फक्त बाकी ठेवायची, असं ३१ वेळा केलं की १,०३,२४,३०३ उरतात. ‘स’ मूळ असती तर इथे −१, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ यायला हवे होते. आणखी एकदा वर्ग केला की ३,०२,९०,२६,१६० येतात, आणि तिथे यायला हवा होता १. संख्या संयुक्त, वाद संपला. या धर्तीच्या संख्यांसाठी ही कसोटी पेपिन या फ्रेंच गणितज्ञाने १८७७ मध्ये मांडली. तिचं वैशिष्ट्य असं की ती दोन्ही बाजूंनी बोलते. −१ आला तर मूळ, नाही आला तर संयुक्त, ‘बहुधा’ची भानगड नाही. पण अवयव कोणते ते मात्र ती सांगत नाही.

गंमत म्हणजे ही संख्या मूळ आहे असा समज ज्याच्यामुळे पसरला तो खुद्द फर्माच. १६४० मध्ये त्याने २^१ + १, २^२ + १, २^४ + १, २^८ + १, २^१६ + १ अशी मालिका पाहिली. घातांक दर वेळी दुप्पट. उत्तरं येतात ३, ५, १७, २५७, ६५,५३७, आणि पाचही मूळ आहेत. पुढच्याही सगळ्या मूळ असतील असं त्याला वाटलं, सिद्ध मात्र करता आलं नाही. मालिकेतली लगेचची पुढची, सहावी संख्या म्हणजे आपली ‘स’. छोटं प्रमेय त्याचंच, संख्याही त्याचीच. ३ पाया घेऊन दहा अंकी संख्यांचे बत्तीस वर्ग करायचे होते, चिकाटीच्या माणसाचं दोन-चार दिवसांचं काम. त्याने ते केलं नाही, किंवा करताना कुठे चुकला असावा. मला दुसरी शक्यता जास्त वाटते, पण तो माझा अंदाज झाला.

१ डिसेंबर १७२९ च्या पत्रात गोल्डबाख या गणितज्ञाने ऑयलर या दुसऱ्या गणितज्ञाला विचारलं की फर्माचं हे म्हणणं तुम्हाला माहीत आहे का. १७३२ मध्ये पंचविशीतल्या ऑयलरने ६४१ हा भाजक जाहीर केला. पुष्कळ जण हे अशा थाटात सांगतात की ऑयलरने शेकडो मूळ संख्यांनी भागाकार केले असतील. तशी गरज नव्हती, आणि का नव्हती ते समजलं की ही संख्या निम्मी समजली.

समजा ‘प’ हा ‘स’चा मूळ अवयव आहे. मग ‘प’ने भागल्यावर २^३२ ची बाकी −१ आणि २^६४ ची बाकी १. म्हणजे २ चे घात करत गेलं तर बाकी १ पहिल्यांदा येते ती नेमकी ६४व्या घाताला, त्याआधी नाही. छोट्या प्रमेयानुसार (प − १)व्या घातालाही बाकी १ येते. हे दोन्ही जुळायचं तर प − १ ला ६४ ने भाग गेलाच पाहिजे. म्हणून प = ६४क + १. या यादीतल्या मूळ संख्या काढा: १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. बस्स, ६४१ हा पाचवाच उमेदवार. आधीच्या चारांनी भागल्यावर बाक्या येतात १०९, २, ३२५ आणि २८८. पाचव्याला शून्य. पाच भागाकार, एका कागदावर मावतील एवढे.

१८७८ मध्ये ल्युकाने ही चाळणी आणखी बारीक केली. प = ६४क + १ असेल तर ‘प’च्या हिशोबात २ ही कुणाची तरी वर्गसंख्या असते, आणि त्या वर्गमुळाला धरून तोच युक्तिवाद केला की प = १२८क + १ मिळतं. आता यादी उरते २५७, ६४१, … आणि २५७ तर फर्माच्याच मालिकेतली. मालिकेतल्या पहिल्या पाच संख्यांचा गुणाकार ३ × ५ × १७ × २५७ × ६५,५३७ = ४,२९,४९,६७,२९५, म्हणजे बरोबर स − २. त्यामुळे त्या पाचांपैकी कशानेही भागलं तरी ‘स’ची बाकी २ च येणार. २५७ न भागताच बाद झाली, आणि ६४१ हा पहिलाच उमेदवार ठरला.

झेरा कोलबर्न नावाच्या अमेरिकी मुलाला १८१२ मध्ये लंडनला ही संख्या घातली होती. वय वर्षं आठ. त्याने तोंडी ६४१ सांगितल्याचे वृत्तांत आहेत. कसं केलं ते त्याला धड सांगता आलं नाही म्हणतात.

६४१ ने भाग जातो हे भागाकार न करताही दाखवता येतं. वर्गात मी हे नेहमी फळ्यावर करतो, कारण जेमतेम चार ओळींत आटपतं. ६४१ दोन तऱ्हांनी लिहा: ६४१ = ५ × २^७ + १, आणि ६४१ = ५^४ + २^४ (६२५ आणि १६). पहिल्यावरून, ६४१ ने भागल्यावर ५ × २^७ ची बाकी −१. चौथा घात घ्या: ५^४ × २^२८ ची बाकी १. दुसऱ्यावरून ५^४ च्या जागी −२^४ घालता येतो. मग −२^३२ ची बाकी १, म्हणजेच २^३२ + १ ची बाकी ०. झालं.

दुसरा अवयव ६७,००,४१७ मूळ आहे हे पुष्कळ ठिकाणी नुसतं सांगून सोडून देतात. तपासायला सोपं आहे. त्याचं वर्गमूळ २५८८ आणि २५८९ च्या मध्ये, आणि त्याचा कुठलाही मूळ अवयव हा ‘स’चाही अवयव, म्हणून १२८क + १ याच साच्यातला. २५८८ पर्यंत या साच्यात मूळ संख्या फक्त पाच: २५७, ६४१, ७६९, ११५३, १४०९. बाक्या अनुक्रमे १७०, ४४, १२०, ३३४, ६२२. एकही शून्य नाही, तेव्हा मूळ. सत्तर लाखांच्या घरातली संख्या मूळ ठरवायला पाच भागाकार पुरले, तेही ती कुठल्या घरातून आली ते माहीत होतं म्हणून.

आता मला या संख्येत सगळ्यात जास्त आवडणारी गोष्ट.

स = ६५,५३६² + १². हे तर उघडच आहे, २^३२ हा वर्ग आहे. पण ‘स’ आणखी एका तऱ्हेने दोन वर्गांची बेरीज आहे:

६२,२६४² + २०,४४९² = ३,८७,६८,०५,६९६ + ४१,८१,६१,६०१ = ४,२९,४९,६७,२९७.

(जाता जाता: २०,४४९ हा स्वतः १४३ चा वर्ग आहे, म्हणजे दुसरं पद १४३ चा चौथा घात झालं. यामागे मला काही खोल कारण दिसत नाही, पण डोळ्यांना बरं वाटतं.)

मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज असेल तर ती एकाच तऱ्हेने असते. ‘स’ दोन तऱ्हांनी आहे, तेव्हा ती मूळ नाही. भागाकार नाही, घात नाहीत, नुसत्या दोन बेरजा समोर ठेवल्या की निकाल लागला. आणि इथून पुढे अवयवही मिळतात. ऑयलरने ही रीत मोठ्या संख्यांवर पुष्कळ वापरली. दोन्ही बेरजा सारख्या, म्हणून वर्ग इकडचे तिकडे करा:

६५,५३६² − ६२,२६४² = २०,४४९² − १²

दोन्ही बाजू वर्गांच्या वजाबाक्या, म्हणून त्यांचे अवयव पडतात:

३,२७२ × १,२७,८०० = २०,४४८ × २०,४५०

आता डावीकडचा ३,२७२ घ्या आणि उजवीकडच्या प्रत्येकाशी त्याचा मसावि काढा. ३,२७२ आणि २०,४५० यांचा मसावि ८१८. त्याने भागलं की उरतात ४ आणि २५. त्यांच्या वर्गांची बेरीज १६ + ६२५ = ६४१. मग ३,२७२ आणि २०,४४८. मसावि ८, उरतात ४०९ आणि २,५५६. वर्गांची बेरीज १,६७,२८१ + ६५,३३,१३६ = ६७,००,४१७. दोन्ही अवयव हातात आले, आणि नुसते आले नाहीत, प्रत्येक जण स्वतःचे दोन वर्ग सोबत घेऊन आला.

आता मागे वळून बघा. ६४१ = २५² + ४² हे आणि वरच्या चार ओळींच्या सिद्धतेतलं ६४१ = ५^४ + २^४ हे एकच आहे. शिवाय २५ × ४०९ = १०,२२५ आणि ४ × २,५५६ = १०,२२४, लागोपाठच्या संख्या. त्यांच्या वजाबाकीतून येतो तो १ म्हणजेच ६५,५३६² + १² मधला १. आणि ६५,५३६ कुठून येतो? २५ × २,५५६ + ४ × ४०९ = ६३,९०० + १,६३६ = ६५,५३६. बेरजेऐवजी वजाबाकी घेतली की ६२,२६४, आणि १०,२२५ + १०,२२४ = २०,४४९. दोन वर्गांच्या बेरजांचा गुणाकार पुन्हा दोन वर्गांची बेरीज असतो आणि तो दोन तऱ्हांनी जुळवता येतो, हे जुनं सूत्र. ब्रह्मगुप्ताच्या ‘भावना’ नावाच्या गुणाकाराच्या रीतीत ते याहून व्यापक रूपात आहे. दोन अवयव आणि दोन बेरजा असे एकमेकांत गुंतलेले आहेत, एक जोडी माहीत असेल तर दुसरी काढता येते. ‘स’ला तिसरी अशी बेरीज नाही, कारण ४क + १ साच्यातले दोनच मूळ अवयव, आणि ते वेगवेगळे.

व्यवहारात ६४१ शोधायला हा मार्ग मी सुचवणार नाही. ६२,२६४ आणि २०,४४९ ही जोडी मिळवायला ४६,३४० पर्यंतच्या संख्या चाळाव्या लागतात. प्रोग्रामला ते चुटकीसरशी जमतं, माणसाला नाही.

उरलेलं भराभर. ‘स’चे विभाजक चारच: १, ६४१, ६७,००,४१७ आणि ती स्वतः. स्वतःला सोडून बाकीच्यांची बेरीज ६७,०१,०५९, म्हणजे संख्येच्या मानाने अगदीच किरकोळ. ‘स’शी सहमूळ असलेल्या, तिच्याहून लहान संख्या ६४० × ६७,००,४१६ = ४,२८,८२,६६,२४०. एकक स्थानी ७ आहे, आणि फर्माच्या मालिकेत १७ पासून पुढे सगळ्यांचाच शेवट ७ ने होतो.

७, ९, ११, ३१ यांपैकी कशानेही ‘स’ला भागा, बाकी दर वेळी ५. योगायोग वाटेल, पण नाही. २^३० − १ = ९ × ७ × ११ × ३१ × १५१ × ३३१. म्हणजे या सगळ्यांच्या हिशोबात २^३० हा १ सारखा वागतो, २^३२ हा ४ सारखा, आणि आपली संख्या ५ सारखी. १५१ आणि ३३१ घेऊनही करून बघा.

भूमितीत ‘स’ची शेजारीण जास्त नाव काढून आहे. ४,२९,४९,६७,२९५ बाजूंचा सुसम बहुभुज पट्टी आणि कंपासने तत्त्वतः काढता येतो, आणि विषम बाजूंचा याहून मोठा, असा काढता येणारा बहुभुज आज कुणाला माहीत नाही. गाउसने १७९६ मध्ये १७ बाजूंचा मार्ग दाखवला, आणि कुठले बहुभुज काढता येत नाहीत ते वाँझेलने १८३७ मध्ये पक्कं केलं. विषम बाजूंसाठी अट अशी की सगळे मूळ अवयव फर्माच्या मालिकेतले आणि प्रत्येक एकदाच. ‘स’ स्वतः त्या मालिकेत आहे, तिचे अवयव मात्र नाहीत. त्यामुळे दोन बाजू जास्त असलेला ‘स’ बाजूंचा बहुभुज काढता येत नाही.

अंकांची बेरीज ५९ येते आणि ती मूळ आहे, हेही विचारलं आहे. त्याला फार महत्त्व देऊ नका. ती गोष्ट दशमान लेखनाची आहे, संख्येची नाही. पाया बदलला की ५९ गायब. त्यातून कामाचं एवढंच निघतं की ५९ ला ३ ने भाग जात नाही, म्हणून ‘स’लाही जात नाही.

प्रोग्राम सुधारलात की पुढची पायरी करून बघा: २^६४ + १, म्हणजे १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१७. तिथे ६४ बिटांचा पूर्णांक पुन्हा १ दाखवेल आणि २ पायाची चाचणी पुन्हा ‘बहुधा मूळ’ म्हणेल. फॉर्च्युने लांद्रीने १८८० मध्ये हिचे अवयव छापले. लहान अवयव २,७४,१७७. ल्युकाच्या चाळणीत या वेळी साचा २५६क + १ आणि क = १०७१, म्हणजे तुमचा प्रोग्राम क = १ पासून निघाला तर हजार-अकराशे भागाकारांत तिथे पोचेल. अट एकच, वर्ग आणि बाक्या काढताना ६४ बिटांची मर्यादा आड येऊ देऊ नका.